बाहियाची गाय

सोपाऱ्याच्या बाहियाला गायीनं मारलं. पाली ‘उदाना’त ही गोष्ट आहे, आणि नालासोपाऱ्यातल्या आम्हा बौद्ध घरांत ती थोड्या अभिमानानं सांगितली जाते. ज्याला धम्म सगळ्यात झटकन कळला असं खुद्द बुद्धांनी म्हटलं, तो आमच्या गावचा! झाडाची साल नेसून तो इथं समुद्रकाठी राहायचा. लोक त्याला अर्हत समजून मान द्यायचे, आणि हळूहळू त्यालाही आपण अर्हत असल्यासारखं वाटू लागलं. तू अर्हत तर नाहीसच, त्या वाटेवरही नाहीस, असं एका देवतेनं सुनावलं, तेव्हा तो उठला आणि सरळ श्रावस्तीला गेला. बुद्ध भिक्षेला बाहेर पडले होते. यानं रस्त्यातच पाय धरले, मला आत्ताच्या आत्ता शिकवा म्हणाला. ही वेळ नव्हे, असं बुद्धांनी दोनदा सांगितलं. बाहियाचा हेका एकच, तुमच्या काय नि माझ्या काय, जिवाला कधी काय होईल याचा नेम नाही. तिसऱ्यांदा बुद्धांनी उभ्या उभ्या मोजक्या शब्दांत उपदेश केला, बाहिय तिथंच मुक्त झाला, बुद्ध पुढं गेले. आणि थोड्याच वेळात वासरू असलेली एक गाय बाहियाच्या अंगावर धावून आली. तो मेला.

मूळ सुत्तात गायीबद्दल एवढंच आहे. बुद्ध परत येताना त्यांना प्रेत दिसतं, ते भिक्षूंना त्याचं दहन करायला आणि वर स्तूप बांधायला सांगतात. बाहियाची पुढची गती काय, असं भिक्षू विचारतात. गाय का धावून आली, असं कुणी विचारत नाही. पण पुढं कित्येक शतकांनी अट्ठकथा, म्हणजे सुत्तांवरची भाष्यं, लिहिणाऱ्यांना राहवलं नाही. त्यांनी सांगितलं की ती साधी गाय नव्हेच, ती यक्षिणी होती. मागच्या एका जन्मी बाहियानं आणि त्याच्या सोबत्यांनी एका गणिकेला मारून तिचं धन लुबाडलं होतं, तिनं हा सूड घेतला. झालं, हिशेब जुळला. मेला त्याचंच काहीतरी देणं होतं.

आमच्या घरात ही अट्ठकथा गेल्या पावसाळ्यात नव्यानं लिहिली गेली, म्हणून हा लेख.

आमचे हे रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. निवृत्त झाले तरी अंगात कामाची रग तीच. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन स्टेशनचा पूल चढतात, मध्ये थांबत नाहीत. अशा माणसाला पहाटे चारच्या सुमाराला छातीत आवळून यायला लागलं. झोपेतून उठून बसायचे, घामानं बनियन चिंब, जबड्यापर्यंत कळ. आठ-दहा मिनिटांत सगळं ओसरायचं. रिक्षा मिळवून दवाखान्यात पोचेपर्यंत हे हसत बोलायला लागलेले असायचे आणि ईसीजी सरळ यायचा. गॅस आहे, रात्री उशिरा जेवू नका, असं सांगून पोट साफ ठेवायच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्या मिळायच्या. ट्रेडमिलवर चालवलं, तिथंही काही नाही. मग एका पहाटे हे पलंगावर बसल्या बसल्या आडवे झाले. डोळे पांढरे. मी हाका मारतेय आणि समोरचं माणूस तिथं नाही. काही क्षणांनी एक लांब श्वास घेऊन परत आले आणि म्हणाले, “अगं, रडतेस कशाला?”

त्यानंतर मुंबईच्या डॉक्टरांनी चोवीस तास छातीला ठोके टिपणारा होल्टर लावून ठेवला. त्याचा कागद मी नीट पाहिला आहे. आयुष्यभर शाळेत वह्या तपासल्या, चौकटीच्या कागदाची मला भीती नाही. पहाटे चारपर्यंत रेघ शहाण्यासारखी चाललेली, प्रत्येक ठोक्याला एक टोकदार सुळका आणि मागं एक छोटा उंचवटा. मग सुळका आणि उंचवटा यांच्यातली सपाट जागा वर सरकू लागते, दोन-तीन ओळींत इतकी वर जाते की सगळं मिळून एकच टेकाड होतं. काही ओळींनंतर टेकाड उतरायला लागतं, आपल्याला हायसं वाटतं, आणि नेमक्या त्याच ठिकाणी रुंद, वेडेवाकडे, एकमेकांना खेटलेले ठोके सुरू होतात. ते आपोआप थांबले. डॉक्टरांनी त्या जागेवर पट्टी ठेवली आणि म्हणाले, “हे थांबले नसते तर?” पुढचं बोलले नाहीत.

अँजिओग्राफी झाली. नसा स्वच्छ.

नस आवळण्याच्या या आजाराचं वर्णन लॉस एंजेलिसच्या मायरन प्रिंझमेटल या डॉक्टरांनी १९५९ मध्ये केलं. नेहमीचं छातीचं दुखणं कष्टानं येतं, विश्रांतीनं जातं. हे उलटं, श्रमात येत नाही, विश्रांतीत येतं, आणि बरेचदा मध्यरात्र ते पहाट या वेळात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नसेच्या भिंतीत स्नायू असतात, तेच अचानक आवळतात आणि काही मिनिटं रक्त जवळजवळ थांबतं. आधी पुष्कळांना हे पटलं नव्हतं. नसेत चरबी साठते, वाट अरुंद होते, ही समजूत पक्की बसली होती आणि डोळ्यांना दिसत होती. आवळणं दिसत नव्हतं. १९७०च्या दशकात इटलीतल्या पिसा शहरात आत्तिलिओ माझेरी यांनी कळ चालू असतानाच अँजिओग्राफी करून आवळलेली नस दाखवली. तीच नस कळ गेल्यावर मोकळी. जपानी डॉक्टरांनीही या आजाराचा खोल अभ्यास केला, कारण त्यांच्याकडे तो जास्त आढळतो.

नस अशी का वागते, याचं थोडं उत्तर १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगातून मिळालं. नसेच्या आतलं पेशींचं पातळ अस्तर शाबूत असेल तर ॲसिटिलकोलिन या रसायनानं नस सैल होते. अस्तर खरवडून काढलं तर त्याच रसायनानं ती आवळते. अस्तरातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड वायू नसेला सैल सोडतो हे पुढं कळलं आणि १९९८ मध्ये फर्चगॉट आणि आणखी दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे अँजिओग्राफीत नस स्वच्छ दिसली तरी तिचं अस्तर बिघडलेलं असू शकतं. आमचे हे ऐकून म्हणाले, “पाइप गंजलेला नाही, व्हॉल्व्हच आपोआप फिरतोय.” फिटरला याहून जास्त समजवावं लागलं नाही.

रक्त थांबलं की त्या भागातला हृदयाचा स्नायू उपाशी पडतो. त्याच्या पेशी विजेचा संदेश शेजाऱ्यांच्या वेगात पुढं देत नाहीत. उपाशी भाग आणि धडधाकट भाग यांच्या सीमेवर संदेश अडकतो, फिरून मागं येतो, पुन्हा फिरतो, आणि ठोके बेफाम होतात. त्यातून व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन झालं तर हृदय नुसतं थरथरतं, रक्त फेकत नाही, आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. उजवीकडची नस आवळली तर उलट ठोके मंदावतात, मध्येच पडायचे राहतात. मला सगळ्यात विलक्षण वाटलं ते हे की धोका आवळताना जसा आहे तसा सुटतानाही आहे. उपाशी स्नायूत रक्त परत शिरतं त्या घडीलाही ताल बिघडतो. ह्यांच्या कागदावर तेच होतं. कळ उतरत होती आणि मरण तिथं उभं होतं.

आता घरातलं सांगते.

आमच्याकडे कुणी हृदयाच्या दवाखान्यातून परतलं की पहिला प्रश्न असतो, किती ब्लॉक निघाले? दोन, तीन, सत्तर टक्के, नव्वद टक्के, काहीतरी आकडा हवा. आकडा मिळाला की विचारणाऱ्याचा जीव शांत होतो. ह्यांना एकही ब्लॉक नाही म्हटल्यावर माणसांच्या चेहऱ्यावर संशय आला. मग काय झालंय? नणंदबाईंनी आवाज खाली आणून विचारलं, “बाहेरचं काही नाही ना?” बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून बाहेरचं विचारलं! मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या एका पाहुण्यानं मागच्या जन्माचा विषय काढला.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण सासूबाईंनी ते मनाला लावून घेतलं. त्या ऐंशीच्या पुढच्या, खेड तालुक्यातल्या. त्या मागच्या जन्मात गेल्याच नाहीत, याच जन्मात स्वतःला उकरत बसल्या. चार दिवस नीट जेवल्या नाहीत. मग एका संध्याकाळी मला जवळ बोलावून म्हणाल्या, “सूनबाई, दुष्काळाच्या वर्साला मी गाभण शेळी खाटकाला इकली व्हती. त्येचंच ह्ये.” हे तेव्हा लहान होते आणि घरात भात नव्हता. ज्या शेळीच्या पैशांवर मुलगा जगला तीच शेळी साठ वर्षांनी त्याच्या छातीत आली, असा त्या माउलीनं हिशेब मांडला होता.

मला त्या दिवशी राग आला, सासूबाईंचा मुळीच नाही. कर्माचा सिद्धान्त घरी येतो तेव्हा तो कुणाच्या पाठीवर बसतो ते मी पाहिलं. अट्ठकथेतल्या यक्षिणीनं निदान मारणाऱ्याला मारलं होतं. इथं एका आईला तिच्या गरिबीबद्दल शिक्षा होत होती, आणि ती तिची तीच देत होती.

विहारात येणाऱ्या भन्तेजींना मी हे विचारलं. त्यांनी संयुत्तनिकायातल्या मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाची गोष्ट सांगितली. राजगृहाच्या वेळुवनात तो बुद्धांना विचारतो की माणूस सुख भोगो नाहीतर दुःख, ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचं काय मत? बुद्ध आठ कारणं मोजतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतूतला बदल, आपलं चुकीचं राहणं-वागणं, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्माचं फळ. आणि म्हणतात की सगळं दुखणं कर्मानंच येतं असं बोलणारे आपल्याला जे कळतं त्याच्याही पुढं जातात आणि जगाला जे ठाऊक आहे त्याच्याही पुढं जातात, म्हणून ते चूक. पित्तानं काय होतं ते तुलाही माहीत आहे, लोकांनाही माहीत आहे, मग त्याला कर्म कशाला म्हणायचं, असा रोख.

आठवं कारण तिथं आहे. ते मी लपवणार नाही. पण ते आठवं आहे, आणि पहिली सात पाहिल्याशिवाय त्याच्याकडे जाता येत नाही. बाबासाहेबांनी मात्र हेही दार बंद केलं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ ते गेल्यानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ते सांगतात की कर्माचा नियम जगाच्या नैतिक व्यवस्थेबद्दल आहे, कुणा एकाच्या नशिबाशी त्याचा संबंध नाही. गरिबाचं दुःख त्याच्या पूर्वकर्मावर टाकलं की राज्याला आणि समाजाला जबाबदारीतून सुटता येतं, एवढाच त्या शिकवणीचा उपयोग, असं ते स्पष्ट लिहितात. मी हे पान पूर्वी कित्येकदा वाचलं होतं, जातीच्या संदर्भात वाचलं होतं. सासूबाईंच्या शेळीनंतर ते मला दवाखान्याच्या संदर्भात वाचता आलं.

यावर ह्यांनीच एक अडचण काढली. म्हणाले, “पण मी सिगारेट ओढत होतो, ते?” प्रश्न खरा आहे. या आजारात तंबाखूचा धूर हे मोठं कारण मानलं जातं, धुरानं नसेचं अस्तर बिघडतं, आणि डॉक्टरांनी पहिली अट तीच घातली. बुद्धांच्या यादीतलं सहावं कारण, आपलं चुकीचं राहणं-वागणं, तेच आहे. पण वर्कशॉपात ह्यांच्यासोबत ओढणारे ढीगभर होते आणि त्यांच्या नसा पहाटे आवळत नाहीत. सिगारेट हे कारण आहे, म्हणून ती सोडायची. तिला गुन्हा आणि पहाटेच्या कळेला सजा म्हटलं की आपण पुन्हा यक्षिणीकडे आलो. कारण शोधणारा पुढं बघतो, कारण हाताशी आलं की ते काढता येतं. सजा शोधणारा मागं बघत बसतो. आता हे रात्री झोपताना डिल्टियाझेम घेतात, उशाशी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट असते. हृदयरोगात सर्रास देतात त्या बीटा ब्लॉकरची आधी सुरू केलेली गोळी डॉक्टरांनी बंद केली, कारण या आजारात तिनं आवळणं वाढू शकतं. औषध चुकीचं पडू शकतं ते निदान चुकल्यावर. पाप-पुण्यातून हे निदान होणार नव्हतं.

माझी भुईगावची मैत्रीण कॅथलिक आहे, आम्ही एकाच शाळेत शिकवलं. तिला सांगितलं तेव्हा ती लूकच्या शुभवर्तमानातलं बोलली. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं चिरडली, ती काय यरुशलेममधल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती, असं येशूनं विचारलं आणि स्वतःच नाही म्हटलं. दोन धर्मांचे संस्थापक इतक्या स्पष्ट शब्दांत सांगून गेले आणि दोन्ही धर्मांचे लोक अजून आजाऱ्याच्या उशाशी बसून पापं मोजतात. का मोजतात, हे मला आता थोडं कळतं. विनाकारण आवळणारी नस ही पापापेक्षा जास्त भीतिदायक आहे. पाप असेल तर मी पाप न करून वाचेन. गायीला कारण नसेल तर ती उद्या माझ्याही अंगावर येईल.

त्याच भुईगावात १९५६ मध्ये अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याआधी १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्यात बुरुड राजाच्या कोटात स्तूप खणला होता, आठव्या लेखाचा तुकडाही त्याच साली मिळाला. नववा लेख मंगल विधींबद्दल आहे. आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, असं राजा म्हणतो, आणि बायका तर पुष्कळच क्षुल्लक नि निरर्थक विधी करतात, असंही. खरं मंगल म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांना मान देणं, जिवांबद्दल संयम. दोन हजारांवर वर्षांपूर्वी हे आमच्या दारात कोरलं गेलं याचं मला भारी वाटतं. पण बायकांबद्दलच्या त्या वाक्याशी माझं भांडण आहे. सासूबाई ह्यांची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात. ती निरर्थक आहे, मान्य. पण आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर कोण जागतं? जागणाऱ्याच्या हातात काहीच दिलं नाही तर तो मीठ-मोहऱ्या उचलणार. राजानं बायकांचे विधी निरर्थक ठरवले, मग त्या हातात काय ठेवायचं तेही सांगायला हवं होतं.

बाहियाला रस्त्यात मिळालेला उपदेश, माझ्या शब्दांत, असा: दिसलं त्यावर, ऐकलं त्यावर स्वतःचं काही चढवू नकोस. मी तो होल्टरच्या कागदापाशी समजून घेतला. सरळ ईसीजीवर कुणी गॅस चढवला, स्वच्छ नसेवर कुणी बाहेरचं चढवलं, सासूबाईंनी शेळी चढवली. ज्या डॉक्टरांनी टेकाड हे टेकाड म्हणून पाहिलं त्यांनी ह्यांना वाचवलं. आणि बाहियाची घाई. ती मला पूर्वी भाविकाची उतावळी वाटायची. तो बुद्धांपाशी मरण का येतं हे विचारायला थांबला नाही. वेळ नाही हे त्याला कळलं होतं, म्हणून करायचं ते आत्ता.

फिब्रिलेशन सुरू झालं की मेंदूकडे मोजकी मिनिटं असतात. तेवढ्यात कुणीतरी छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहिलं आणि विजेचा झटका देणारं यंत्र मिळालं तर माणूस परत येऊ शकतो. त्या पहाटे माझे हात मोकळे होते आणि त्यांना काही येत नव्हतं. मरण पूर्वकर्मानं ठरलेलं असेल तर छाती दाबायला शिकायचं कारणच उरत नाही. बाबासाहेबांचं ते पान मला इथं सगळ्यात जास्त पटतं.

म्हणून विहाराच्या बैठकीत मी विषय मांडला की येत्या पौर्णिमेला परित्राणपाठ झाल्यावर सगळ्यांनी छाती दाबायला शिकायचं, बायकांनी आधी. विहारात हे कशाला, असं एक-दोघं म्हणाले. भन्तेजी म्हणाले, पाठाआधी घ्या, पाठानंतर लोक जेवायला पळतात. एक नर्सताई शिकवायला तयार आहे. सरावाचा पुतळा भाड्यानं मिळतो का, याची चौकशी माझा नातू करतोय. सासूबाईंनी विचारलं, “म्हाताऱ्या मानसाच्यानं व्हईल का ते दाबणं?” नर्सताईनं सांगितलं की दमलं की हात बदलायचे, म्हणून घरात दोघांना तरी यायला हवं. सासूबाईंचं नाव यादीत घातलं आहे.